रेव्हरंड टिळकांचे घर

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा आपल्या चिटणीसबाईंनी माझ्यामागे लकडा लावला की यंदा तुम्ही एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहाच. मी काही लेखिका नव्हे. पण बुधवारच्या दुपारच्या वाचनात गेले वर्षभर आपण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली आणि त्या पुस्तकावरून आपल्यात जे वाद झाले, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत. बायकोच्या बाजूने आपण पुष्कळ बोललो. म्हणून आज नवऱ्याविषयी लिहिते. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते. कारण शाळेत असताना माझा तो घोटाळा झाला होता. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पाखराची त्यांची कविता आम्हाला पाठ होती. लोकमान्यांना तुरुंगात असताना ती सुचली असावी, असे मी बाईंना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, आणि सारा वर्ग हसला होता.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. वडील सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई मायाळू, तिला कवितेचा नाद. मुलगा अकरा वर्षांच्या सुमाराचा असताना आई वारली आणि घरातला ओलावाच संपला. मुलगा घर सोडून निघाला तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले, पुढे इंग्रजी शाळेतही काही काळ काढला. वक्तृत्व आणि काव्य या दोन देणग्या त्याच्याजवळ उपजतच होत्या. पैसा मात्र नव्हता, आणि तो हाती ठेवण्याची कलाही जन्मभर साधली नाही.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही वधू, वय वर्षे अकरा. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. मुलीच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा इतका कहर होता की, बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे अशी वडिलांची शिस्त. अशा घरातली मुलगी अशा फकिराच्या पदरात पडली. आज येथे शिक्षक, उद्या तेथे कीर्तनकार, परवा कोणाच्या तरी छापखान्यात, असे टिळकांचे चालले होते. नाशिक, वणी, मुर्तिजापूर, नागपूर अशी बिऱ्हाडे हलत राहिली. न सांगता निघून जायचे आणि महिन्यांनी उगवायचे, ही त्यांची खोडच होती. बाजारात सामान आणायला पाठवले तर पैसे वाटेत कोणा गरजूच्या हाती पडत, नाहीतर एखादी सुंदर पण निरुपयोगी वस्तू घरी येई. हे वाचताना आपल्यातल्या किती जणींनी कपाळाला हात लावला, ते मला आठवते. पहिली मुले तान्हेपणीच गेली. १८९१ साली दत्तू झाला, तो जगला.

नागपूरला अप्पासाहेब बुटी या श्रीमंत व विद्याप्रिय गृहस्थांचा टिळकांना आश्रय मिळाला. तेथे त्यांनी संस्कृत ग्रंथांवर काम केले, 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. वेद, पुराणे, संतवाङ्मय यांचे त्यांचे वाचन अफाट झाले. पण वाचावे तितके मन अस्वस्थ होत गेले. जन्मावरून माणसाची उच्चनीचता ठरते, हे त्यांना पटेना. सगळ्या हिंदी माणसांना एका पंक्तीला बसवील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांनी डोक्यात घेतला.

अशा मनःस्थितीत ते राजनांदगावला नोकरीसाठी आगगाडीने निघाले. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी होते. बोलणे काव्यावरून निघाले आणि धर्मावर गेले. उतरताना साहेबांनी नव्या कराराची एक प्रत त्यांना दिली व दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोचले, आणि त्यांचा जीव तेथेच गुंतला. शत्रूवरही प्रीती करावी, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नये, ही शिकवण त्यांच्या उधळ्या, हळव्या मनाला फार जवळची वाटली असावी, असे मला वाटते. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. हे अॅबट साहेब आपल्याला परके नाहीत. आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे ते हेच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या साहेबाच्या हातून न घेता हिंदी पाळकाच्या हातून त्यांनी घेतला. ही गोष्ट लहान दिसते, पण त्यांचे पुढचे सारे आयुष्य तिच्यात बीजरूपाने आहे. धर्म बदलला तरी देश बदलायचा नाही, असा तो निश्चय होता.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. वय सव्वीस, पदरात चार वर्षांचा मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्यांच्या मनाची अवस्था वेड लागण्याजोगी झाली. नातलगांनी त्यांना पंढरपूरला नेले. पाच वर्षांच्या आसपास नवराबायको वेगळी राहिली. पत्रे येत, पत्रे जात. काही गोड, काही रागाची. येथेच आपल्या वाचनात भांडण पेटले होते. एक भगिनी म्हणाल्या की, जगाचे दुःख पाहणाऱ्याला घरातली बाई दिसू नये, हा कसला धर्म? दुसऱ्या म्हणाल्या, खरे दिसल्यावर बायकोसाठी ते लपवून ठेवणारा नवरा तुम्हाला आवडला असता काय? चहा निवून गेला, पण निकाल लागला नाही. मी तेव्हा गप्प होते. आज लेखणी हाती आहे म्हणून सांगते: टिळकांनी बायकोला विश्वासात न घेता हे पाऊल उचलले, तो त्यांचा दोषच होता, आणि चरित्र लिहिताना तो झाकू नये. पण त्यांनी दुसरे लग्न केले नाही, बायकोवर जबरदस्ती केली नाही, आणि तू माझा धर्म घेतलास तरच माझ्या घरी ये, अशी अटही घातली नाही. तिची वाट पाहिली. त्या काळच्या पुरुषांत हेही थोडे नव्हते.

लक्ष्मीबाई शेवटी नगरला नवऱ्याकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच. (अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण टिळकांच्या गोष्टीत ते नगरच राहू द्या.) त्यांनी आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. ख्रिस्ती मंडळींच्या वस्तीत राहून सोवळे पाळणारी ही बाई, आणि तिचे सोवळे सांभाळणारा तिचा ख्रिस्ती नवरा, असा तो संसार होता. मग राहुरीला असताना एके दिवशी त्यांच्याच मनात विचारांचे चक्र सुरू झाले. पशूंत जाती देवाने केल्या, माणसांत त्या कोणी केल्या? ज्याच्या हातचे पाणी मी पीत नाही, त्याच्यात आणि माझ्यात देवाने कोणता फरक ठेवला? विचार करता करता सोवळ्याची गाठ आपोआप सुटली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या उपदेशाने जे झाले नसते, ते त्याच्या थांबण्याने झाले.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली व ते रेव्हरंड झाले. नगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत ते उपदेशक होऊ पाहणाऱ्यांना शिकवीत. पण त्यांचे खरे काम देवळात झाले. मराठी ख्रिस्ती देवळांत त्या काळी विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच गात. खेड्यातून आलेल्या, ओवी आणि अभंगावर वाढलेल्या माणसाच्या जिभेला त्या चाली वळत नसत. टिळकांनी भजने लिहिली, पदे लिहिली, अभंग लिहिले, शेकड्यांनी लिहिले. टाळ, तबला, पेटी देवळात आणखी मोकळेपणाने वाजू लागली. ख्रिस्ताची कथा सांगायला त्यांनी कीर्तनाचा साज वापरला: आधी नमन, मग पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, मधून मधून पदे आणि शेवटी प्रार्थना. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीही कोणी कोणी केले होते, पण टिळकांच्या वाणीने त्याला कवीचे बळ आले. पुढे लक्ष्मीबाईही कीर्तने करू लागल्या.

त्यांच्या उपदेशाचे मर्म असे की, तुकारामाला सोडून ख्रिस्ताकडे जावे लागत नाही. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. हे हिंदूंना रुचले नाही आणि सगळ्या मिशनऱ्यांनाही रुचले नाही. दोन्हीकडून टीका सोसणारा माणूस बहुधा काही तरी खरे बोलत असतो, असा माझा अनुभव आहे.

मला या गीतांची ओळख कशी झाली ते सांगते. लग्न होऊन मी नवी नवी वाड्यात आले, तेव्हा पलीकडच्या दोन खोल्यांत एक पाळक आणि त्यांची पत्नी राहत. नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्याकडून टाळांचा आवाज आला. मला वाटले, भजनी मंडळ आले आहे. मी सासूबाईंना म्हणाले, आज एकादशी नाही, मग भजन कसे? सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी मी पाळकीणबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की ही आमच्या टिळकांची भजने. आमच्या म्हणताना त्यांचा चेहरा फुलला होता. ज्या कवीचे पाखरू मी शाळेत पाठ केले होते, त्यांना तोच कवी रोजच्या प्रार्थनेत भेटत होता. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही राहत होतो आणि मला हे ठाऊक नव्हते.

टिळकांचे नगरचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. दत्तू आणि पुढे झालेली तारा ही दोन पोटची मुले. बाकी कोणी अनाथ, कोणी विद्यार्थी, कोणी नुसताच पाहुणा. त्या वर्षांत दुष्काळ आणि प्लेग पाठोपाठ आले. कोणी टाकलेले मूल दिसले की टिळक ते उचलून घरी आणीत, आणि हंड्यात किती पाणी घालायचे हा विचार लक्ष्मीबाईंनी करायचा. घरात चिडचिड होई, अबोला होई. टिळक तापट होते, पण त्यांचा राग कापरासारखा, पेटला की लगेच संपला. भांडण मिटले की नवराबायको एकमेकांना कविता करून दाखवीत. फुलांचे त्यांना वेड होते. फूल पाहिले की थांबायचे, आणि मूल दिसले की बसायचे. म्हणून तर त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. उन्हाळ्यात महाबळेश्वरासारख्या ठिकाणी सहकुटुंब जाण्याचा योग आला, की रानात भटकणे, झाडांखाली बसून कविता म्हणणे, मुलांना पानाफुलांची ओळख करून देणे, यात दिवस जाई. त्यांची प्रार्थना भिंतींत मावणारी नव्हती. 'वनवासी फूल' हे त्यांचे काव्य वाचले म्हणजे रानातल्या एकट्या फुलाशी हा माणूस किती वेळ बोलत बसला असेल, याची कल्पना येते.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. त्यात सतरा वर्षांचा एक खानदेशी मुलगा उभा राहिला आणि त्याने सभा जिंकली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव. तेथेच त्याला बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला आपल्या घरी नेले. नगरला तो टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला, त्यांच्याशी भांडला आणि रुसलाही. टिळक पाळक असून ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्या घरात कवितेला धर्म विचारला जात नसे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्या घरातले एक मूलच गेले म्हणायचे.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन करीत. १८४२ साली नगरला सुरू झालेले हे जुने नियतकालिक त्यांच्या हाती आले आणि त्याच्या पानांतून त्यांची अभंगांजली वाहू लागली. ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र 'ख्रिस्तायन' हेही त्यांनी आरंभले होते. देशप्रेमाच्या कविता तर सतत चालूच होत्या. मिशनचा पगार घेऊन देशाविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही, आणि पगारी उपदेशकाचा शब्द लोकांच्या मनात उतरत नाही, ही बोच त्यांना लागली होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्याला देवाचा दरबार नावाची संस्था काढली. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, जो ख्रिस्ताचा शिष्य होऊ इच्छितो त्याला दरबारात जागा, असा तिचा नेम. संन्याशाच्या वृत्तीने राहायचे, पण बायकोमुलांना सोडून नव्हे. एकदा घर मोडून धर्म शोधायला निघालेला हा माणूस दुसऱ्या खेपेला घरासकट निघाला, हे मला फार अर्थाचे वाटते.

पण शरीर साथ देईना. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि रक्षा नगरला नेण्यात आली. ख्रिस्ती पाळकाने हिंदी माणसाची चाल मरणातही सोडली नाही.

'ख्रिस्तायना'चे दहाएक अध्यायच लिहून झाले होते. ज्या मुलीला लिहावाचायला नवऱ्याने शिकवले, तिने वैधव्यात पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पुरे केले. शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्यांचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात नवऱ्याचा लहरीपणा, उधळेपणा, राग, काहीही लपवले नाही, आणि तरी वाचणाऱ्याला टिळक आवडूनच जातात. ज्याच्यामुळे पाच वर्षे अश्रू गाळले, त्याचे असे चित्र काढायला मन किती मोठे हवे! २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या.

आता एक माझी गोष्ट सांगून थांबते. वाड्यातल्या त्या पाळकीणबाईंसाठी आमच्याकडे एक कप वेगळा होता. कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. त्या आल्या की सासूबाई डोळ्यांनी खुणावीत, आणि मी त्या कपात चहा देई. त्या हसतमुखाने पीत, आणि जाताना तो कप आपल्या हाताने विसळून जागेवर ठेवीत. माझ्या बाळंतपणात, घरात कोणी नसताना, रात्रभर उशाशी बसल्या होत्या त्या ह्याच. तरी कप बदलला नाही. मी शिकलेली होते. टिळकांची कविता मला तोंडपाठ होती. पण सासूबाईंना एक शब्द बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढे पाळकांची बदली झाली आणि ते बिऱ्हाड गेले. सासूबाई गेल्यावर मी तो कप फेकून दिला, पण तेव्हा भिंतीपलीकडे कोणीच नव्हते.

राहुरीच्या त्या दिवसाचे पान गेल्या श्रावणात वाचनात आले, तेव्हा वाचण्याची पाळी माझी होती आणि माझा आवाज बसला. धूळ गेली घशात, असे मी सांगितले होते. धूळ नव्हती, भगिनींनो. लक्ष्मीबाईंना जे एका दिवसात सुटले, ते सोडायला मला पंचवीस वर्षे लागली.

'स्मृतिचित्रे'ची मंडळाची प्रत कपाटात वरच्या फळीवर आहे. ज्यांना सवड झाली नसेल त्यांनी घरी न्यावी. पुढचे वाचन बुधवारी साडेतीनलाच सुरू होईल. शेजारपाजारच्या, कोणत्याही धर्माच्या भगिनींना बरोबर आणावे. कप पुरेसे आहेत, आणि सगळे एकसारखे आहेत.